आंबटगार आणि तांब्याभर दूध

मित्रांनो, मी एक जुना आईस्क्रीमचा पॉट आहे. ‘जुना’ हा शब्द मी स्वतःहून वापरतो, कारण तो दुसऱ्या कुणी वापरला की त्याच्या मागोमाग ‘भंगार’ हा शब्द येतोच. माझा मुक्काम कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, मौलाली मिस्त्रींच्या घरातल्या माळ्यावर. बाहेरून सागवानी बादली, आत पितळी डबा, डोक्यावर दोन दातेरी चाकं आणि एका अंगाला हँडल, असा माझा थाट आहे. तुम्हाला वाटेल, याच्या पोटात जन्मभर गोडधोडच पडलं असणार. तसं काही नाही. आयुष्यातली सलग पाच वर्षं माझ्या पोटात कांदे होते. त्याबद्दल पुढे सांगेनच. कांद्यांवर माझा राग नाही. ते बिचारे आज आले, उद्या फोडणीला गेले.

माझा जन्म १९६३ सालच्या उन्हाळ्यात झाला. मौलाली मिस्त्री एका फौंड्रीत फिटर होते. त्यांच्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि घरात चार वर्षांची मुलगी होती. त्यांची बायको मेहमुदा मुरगूडची. एका बड्या घरच्या लग्नात दोघं जेवायला गेली आणि तिथे मेहमुदानं जन्मात पहिल्यांदा पॉटमधलं आईस्क्रीम खाल्लं. चमचाभरच. वाढपी दुसऱ्यांदा तिच्या ओळीकडे फिरकलाच नाही. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. मौलाली मिस्त्रींना मशिनच्या खडखडाटामुळे जरा कमी ऐकू यायचं, पण बायकोचं न बोलणं त्यांना लगेच ऐकू येई.

दुसऱ्या गावचा माणूस अशा वेळी दुकानात गेला असता. पण कोल्हापूरच्या माणसाला कुठलीही वस्तू दाखवली की तो ती उलटी करून बघतो आणि म्हणतो, “हात्तिच्या, ह्यात काय हाय?” मिस्त्रींनीही तेच केलं. एका मोडक्या टांग्याच्या सागवानी फळ्या आणल्या, तासल्या आणि लोखंडी पट्ट्यांत गोल बसवल्या. पितळी डबा घडवून घेतला, त्याला आतून कल्हई केली. चाकं मात्र फौंड्रीतली. कुठल्याशा पंपासाठी ओतलेली आणि साहेबांनी नापास केलेली. म्हणजे माझ्या डोक्यात नापास चाकं आहेत. पण तेवीस वर्षांत ती कधी अडली नाहीत आणि तो पंप कुठे आहे, ते कुणाला ठाऊक नाही.

माझी पहिली परीक्षा पेठेसमक्ष झाली. मिस्त्रींनी बादलीत बर्फ भरला, वर खडेमीठ टाकलं, आणि मी प्रत्येक सांध्यातून गळू लागलो. एवढ्या ठिकाणांहून गळलो, की जमलेल्या लोकांनी पाय वर घेतले. शेजारचे आकाराम पैलवान मोठ्यानं म्हणाले, “मिस्त्री, ही बादली न्हाय, चाळण हाय. पीठ चाळायला द्या वैनींच्या हातात.”

मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. तेव्हा मेहमुदा पुढे आली. ती म्हणाली, आमच्या मुरगुडात उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं अशीच वाळून ढिली होतात. मग ती नदीत घालून ठेवतात. लाकूड तहानलेलं असतं, ते पाणी प्यायलं की फुगतं आणि आपली पट्टी आपणच आवळून धरतं. तिनं मला उचललं आणि पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलं. दोन दिवस मी पाणी पीत होतो. तिसऱ्या दिवशी बाहेर काढलं, तर थेंब गळेना. मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. माझ्या साऱ्या आयुष्याचं मर्म एवढ्यात आहे. बाकी सगळी चवीची बाब.

मेहमुदानं माझ्यात दुधाचं आईस्क्रीम फारसं केलं नाही. तिचा जीव मोसंबीवर. मोसंब्या सोलायच्या, पाकळ्यांवरची पांढरी साल नि बिया काढायच्या आणि गर मलमलच्या फडक्यातून पिळायचा. पांढरी साल राहिली की रस कडवट होतो. कडू रस आणि कडू शब्द, नंतर कितीही साखर घाला, असं ती म्हणे आणि मौलाली मिस्त्रींकडे बघे. मग त्यात लिंबू, साखरेचा थंड केलेला पाक, चिमूटभर मीठ आणि वास यावा म्हणून संत्र्याच्या सालीचा थोडासा कीस. एवढं डब्यात भरलं की झाकण लावायचं. बर्फ गोणपाटात घालून बत्त्यानं फोडायचा, बादलीत बर्फाचा एक थर नि खडेमिठाचा एक थर द्यायचा, आणि हँडल फिरवायचं. जात्यावर दळतात तसं. ना हळू, ना घाईनं. अर्ध्या तासानं हँडल जड लागू लागलं की झाकण उघडायचं आणि डाळिंबाचे दाणे, अर्धी चिरलेली द्राक्षं, संत्र्याच्या सोललेल्या पाकळ्या आत सोडायच्या. फळं आधी टाकली तर त्यांचे खडे होतात आणि खाणारा दात चाचपत बसतो. शेवटी दहा-वीस फेरे, की झालं.

शेजारच्या तानाबाईनं, म्हणजे आकाराम पैलवानांच्या बायकोनं, पहिला घास खाऊन डोळे मिटले आणि त्या पदार्थाचं नावच ठेवलं, ‘आंबटगार’. मग पेठेत तेच नाव रूढ झालं. तानाबाई मेहमुदापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. मेहमुदा तिला तानाक्का म्हणे. उन्हाळ्यातला एक रविवार जाऊ न देता दोघी मला मधे ठेवून बसत. एक फिरवी, दुसरी बोले. हात दुखला की काम बदलत, बोलणं मात्र दोघीही करत.

या आनंदात एकच माणूस सामील नव्हता. आकाराम पैलवान. त्यांनी कुस्ती सोडून बरीच वर्षं झाली होती. आता त्यांच्या घरामागच्या परड्यात दोन म्हशी होत्या आणि चौकात गिऱ्हाइकासमोर धार काढून ते निरसं दूध विकत. जगात जे काही चांगलं आहे ते दुधापासून झालं आहे आणि जे वाईट आहे ते दूध न पिण्यामुळे झालं आहे, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. कुणाचा पाय मोडला तर ते दूध सांगत. कुणाचा मुलगा नापास झाला तरी दूधच सांगत. आंबटगारची वाटी हातात घेऊन ते म्हणाले होते, “ह्यात दूध न्हाय? मग हे खायाचं कशाला? अंगाला काय लागणार, रंग?”

एकदा मात्र त्यांनी माझं हँडल धरलं. गंमत म्हणून. जोर काढावेत तसे त्यांनी फेरे मोजायला सुरुवात केली आणि बहात्तराव्या फेऱ्याला माझं हँडल त्यांच्या हातात आलं. बाकीचा मी जागेवरच होतो. मौलाली मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी फौंड्रीतून जाडजूड सांधा मारून आणला. तो अजून आहे. पैलवानांना त्यानंतर माझ्यापासून चार हात लांब बसवत. त्यांचीही काही तक्रार नव्हती.

आता मित्रांनो, ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे त्या दिवसाकडे येऊ. साल १९६८, चैत्र महिना.

तानाबाईला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. ताप उतरला, पण जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. भात खाल्ला तरी कागद चावल्यासारखा लागे, भाकरी म्हणजे पुठ्ठा. काहीही दिलं की ती जिभेवर धरी, थोडं थांबे आणि म्हणे, “कायच लागत न्हाय.” मग घास बाहेर काढून ठेवी. दुधाचा तर तिला वाससुद्धा सोसेना. हातातल्या बांगड्या मनगटावरून सरकत सरकत कोपरापर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टर रोज येऊन त्या बांगड्यांकडेच बघत. शेवटी त्यांनी सांगितलं, काहीही खाऊ दे, काय ते मी विचारत नाही. पण परवापर्यंत पोटात काही टिकलं नाही, तर दवाखान्यात न्यावं लागेल.

हे ऐकून आकाराम पैलवान घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून खाली बसले. भर मैदानात ज्यांची पाठ कधी मातीला लागली नाही, ते पैलवान दवाखान्याला घाबरत. त्यांची आई चालत दवाखान्यात गेली होती आणि परत आली नव्हती. तेव्हापासून ते त्या रस्त्यानंही जात नसत, दुधाचं गिऱ्हाईक असलं तरी. गेले महिनाभर ते रोज सकाळी तांब्याभर निरसं दूध तानाबाईच्या उशाशी ठेवत आणि संध्याकाळी तसंच म्हशीच्या खाण्याच्या आंबोणात ओतत. स्वतःच्या दुधाचा एवढा अपमान त्यांनी दुसऱ्या कुणाकडून सहन केला नसता.

मेहमुदानं ते सगळं ऐकलं आणि घरी येऊन मला हौदात टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तानाबाईच्या सोप्यात होतो. तिची खाट तिथेच होती, म्हणजे तिला सगळं दिसावं. मेहमुदानं मंडईत मिळाल्या तेवढ्या मोसंब्या आणल्या होत्या. उन्हानं सुकलेल्या डझनभर. त्याहून एक जास्त नव्हती. तिनं गर मन लावून पिळला, रस डब्यात घातला, बर्फ भरला आणि फिरवायला लागली. मिस्त्री कामावर गेलेले. पैलवान उंबऱ्यावर बसून होते, चार हात अंतर राखून. मधेच नमाजाची वेळ झाली. फळं तिच्या घरीच चिरून झाकून ठेवली होती, तीही आणायची होती. मेहमुदा उठली आणि पैलवानांना म्हणाली, “दादा, जरा हँडल धरा. हळू फिरवा. आणि झाकण तेवढं उघडू नका.”

पैलवानांनी मान डोलावली आणि माझं हँडल धरलं. एवढ्या हळू, की मला वाटलं आता हे मला थोपटून झोपवणार.

शंभरेक फेरे झाले. मग ते थांबले. परड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग खाटेकडे. तानाबाई डोळे मिटून पडली होती. ते उठले, परड्यात गेले, आणि आताच काढलेल्या धारेचा तांब्या घेऊन आले. फेस तसाच होता. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. पण माझ्या तोंडावर झाकण, आणि तेच ते उघडत होते. ते पुटपुटले, “नुसत्या आंबट पाण्यानं माणूस उभं ऱ्हातंय व्हय? तेवढंच अंगाला लागंल.” आणि पाऊण तांब्या दूध माझ्या पोटात ओतून, झाकण लावून, पुन्हा हळू फिरवायला लागले. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू बाळंतिणीसाठी डिंकाचा लाडू वळला.

मोसंबीचा रस, लिंबू आणि कोमट दूध एकत्र आल्यावर काय होतं, हे तुमच्या घरातलं कुणीही सांगेल. माझ्या पोटात त्या क्षणी काय चाललं होतं, ते मी सभ्यपणे सांगू शकत नाही.

मेहमुदा फळांचा वाडगा घेऊन आली. झाकण उघडलं. आत चोथा एकीकडे, पाणी एकीकडे, आणि मधे बर्फाच्या गुठळ्या. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तांब्याकडे, मग पैलवानांकडे. पैलवान छताकडे बघत होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, “दादा, मंडईतली शेवटची मोसंबी होती ती.”

पैलवानांनी हँडलवरचा हात काढून घेतला. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी रिकाम्या तांब्यात मावला असता. परवापर्यंतची मुदत उद्यावर आली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला. खोकल्यासारखा. दोघंही दचकून वळली. तानाबाई हसत होती. तिनं डोळे मिटले नव्हतेच, किलकिले ठेवले होते. नवरा तांब्या घेऊन येताना, झाकण उघडताना, ओतताना, सगळं तिनं बघितलं होतं. बोलायला अंगात बळ नव्हतं. आणि, पुढे तिनंच कबूल केल्याप्रमाणे, पुढे काय होतंय ते बघायचंही होतं.

“बघू,” ती म्हणाली, “काय करून ठेवलंय ते.”

मेहमुदा नको नको म्हणत होती. पण महिनाभरात पहिल्यांदाच तानाबाईनं आपणहून काही मागितलं होतं. मेहमुदानं चमच्याच्या टोकावर थोडंसं घेतलं आणि तिच्या जिभेवर ठेवलं. तानाबाई थांबली. रोजच्यासारखी. मग तिचं नाक आक्रसलं, कपाळाला आठ्या पडल्या, सगळा चेहरा मुठीसारखा गोळा झाला.

“वंगाळ लागतंय,” ती म्हणाली.

 माझ्या बादलीतला बर्फ करकरला.

मेहमुदानं चमचा खाली ठेवला. तिनं तानाबाईचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, “काय म्हणालात तानाक्का? परत म्हणा.”

“वंगाळ. नासल्यावाणी. कुणी केलंय हे?”

मेहमुदा रडायलाच लागली. पैलवानांना काही कळेना. त्यांना वाटलं आपल्या हातून आणखी काहीतरी झालं. तेव्हा मेहमुदानं डोळे पुसत त्यांना समजावून सांगितलं, की दादा, महिनाभर ती काहीच लागत नाही म्हणत होती. आज वाईट लागतंय म्हणाली. चव परत आली.

पैलवान उठले. पायात वहाणा न घालता बाहेर पडले. सायकल काढली. मंडईत मोसंबी नव्हती, हे खरं. पण कोल्हापुरात मोसंबी हमखास कुठे मिळते, हे लहान पोरही सांगेल. दवाखान्याच्या दारात. ज्या रस्त्याला ते पंधरा वर्षं गेले नव्हते त्या रस्त्यानं ते गेले आणि दोन डझन मोसंब्या धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन आले. आल्यावर एवढंच म्हणाले, की दारातूनच घेतली, आत गेलो नाही.

पुन्हा सोलणं, पुन्हा पिळणं. पोत्यातला, लाकडाच्या भुशात राखून ठेवलेला बर्फ संपत आला होता, म्हणून घाई होती, पण घाई करता येत नव्हती. मेहमुदाचे हात भरून आले होते. तिनं हँडल पैलवानांच्या हातात दिलं आणि तांब्या स्वतः परड्यात नेऊन ठेवला. तानाबाई खाटेवरून मोजत होती. तिचा श्वास पुरे तेवढ्याच गतीनं. बारा, तेरा, चौदा. ती थांबली की पैलवान थांबत. ती मोजू लागली की फिरवत. ज्या हातांनी माझं हँडल उपटलं होतं त्याच हातांनी त्या दिवशी मला जितकं जपून फिरवलं, तितकं पुढे कुणी फिरवलं नाही.

तानाबाईनं अर्धी वाटी आंबटगार खाल्लं. डाळिंबाचे दाणे एकेक करून चावले. संध्याकाळी पुन्हा अर्धी वाटी मागितली. मुदतीच्या दिवशी डॉक्टर आले, बांगड्यांकडे न बघता रिकाम्या वाटीकडे बघितलं आणि पिशवी न उघडताच गेले.

त्यानंतरची दहा वर्षं माझी वैभवाची. पेठेनं फुटबॉलची मॅच जिंकली तर आंबटगार, हरली तर रडक्या पोरांना गार करायला आंबटगार. ईदला, गणपतीला, कुणाच्या बारशाला. पैलवान आता चार हात लांब बसत नसत. हँडलचा मान त्यांचाच. फक्त दर वेळी, मेहमुदा जरा इकडेतिकडे गेली की त्यांचा हात हळूच झाकणाकडे सरके, तानाबाई त्यावर चापट मारी आणि पैलवान निरागसपणे विचारत, “मी काय केलं?” हा खेळ दर उन्हाळ्यात झाला. चापट चुकली नाही आणि हातही चुकला नाही.

मग १९७९ साली मिस्त्रींच्या घरात फ्रीज आला. त्यांची मुलगी सुगरा नोकरीला लागली होती, तिनं आणला. पांढराशुभ्र, उंच, आणि सारखा गुणगुणणारा. सुगरानं त्यात मोसंबीचा रस ठेवला आणि सकाळी चौकोनी वड्या बाहेर काढल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. तानाबाईनं एक वडी गालात धरली, बराच वेळ धरली आणि म्हणाली, “चांगली हाय. पर फोडायला बत्ता द्या की.” तरीही कुणाला अर्धा तास हँडल फिरवायला वेळ उरला नव्हता. मी सुगरावर रागावलो नाही. फ्रीजला दोनच हात लागतात, एक दार उघडायला आणि एक बंद करायला. मला आख्खी पेठ लागायची.

मी माळ्यावर गेलो. सुगरा मला भंगारवाल्याला देणार होती. मिस्त्रींनी सांगितलं, कांदे ठेवायला बरा आहे, लाकडात हवा खेळते. माझा जीव वाचला तो असा. पाच वर्षं मी कांदे सांभाळले. हळूहळू माझं लाकूड वाळलं, सांधे उघडले आणि वरची लोखंडी पट्टी एका दुपारी आपली आपणच घसरून खाली पडली. ती उचलायलाही कुणी आलं नाही.

१९८४ च्या माघात आकाराम पैलवान गेले. सकाळची धार काढून, तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवून, जरा टेकतो म्हणाले आणि उठले नाहीत. दवाखान्याला त्यांनी शेवटपर्यंत दाद दिली नाही.

तानाबाई रडली, सुतक संपलं, पाहुणे गेले. मग ती जेवायची थांबली. हट्टानं नव्हे. ताटावर बसे, घास घेई, थोडं थांबे आणि म्हणे, “कायच लागत न्हाय.” मेहमुदानं हे वाक्य सोळा वर्षांनी पुन्हा ऐकलं. तानाबाईच्या हातात आता बांगड्या नव्हत्या. ती किती वाळली, हे मोजायला घरात काही उरलं नव्हतं.

चैत्रात एका सकाळी मेहमुदा शिडी लावून माळ्यावर आली. तिनं माझ्यातले कांदे सुपात ओतले. मला खाली नेलं. मौलाली मिस्त्रींनी जाड भिंगाचा चष्मा लावून मला निरखलं, फटींतून पलीकडचा उजेड बघितला आणि मान हलवली. सुगरा म्हणाली, आता हे जळणालासुद्धा धड नाही. मेहमुदा काही बोलली नाही. मिस्त्रींना आता खरंच ऐकू येत नव्हतं, पण तेवढं ऐकू आलं. त्यांनी ती पडलेली पट्टी शोधून काढली, हातोडीनं ठोकून बसवली आणि मला हौदात बुडवलं.

दोन दिवसांनी बाहेर काढलं तेव्हा मी गळत होतो. मेहमुदानं मला परत बुडवलं. चौथ्या दिवशी थोडा गळलो. सहाव्या दिवशी थेंब नाही. मित्रांनो, लाकूड किती दिवस कोरडं होतं यावर ते अवलंबून असतं. ज्याला घाई असेल त्यानं फ्रीज घ्यावा.

पुन्हा तोच सोपा. पुन्हा मोसंब्या, या वेळी सुगरानं दवाखान्याच्या दारातून आणलेल्या. मेहमुदानं रस भरला, बर्फ भरला. नमाजाची वेळ झाली तशी ती उठली, तानाबाईच्या हातात हँडल दिलं आणि म्हणाली, “तानाक्का, मी आलेच. फिरवा हळू. झाकण तेवढं उघडू नका.”

तानाबाई फिरवत राहिली. बारा, तेरा, चौदा. मग तिचा हात थांबला. तिनं दाराकडे बघितलं. मग परड्याकडे. पैलवानांच्या मागं एक म्हैस तिनं ठेवली होती. तिला रिकामी दावण बघवत नव्हती. ती उठली, भिंतीला धरत आत गेली, आणि तांब्या घेऊन आली. झाकण उघडलं. पैलवानांसारखंच, जरा वाकून. आणि दूध ओतलं. पाऊण तांब्या.

मेहमुदा फळांचा वाडगा घेऊन परत आली. झाकण उघडलं. आत चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. तिनं माझ्याकडे बघितलं, मग तांब्याकडे. तानाबाई छताकडे बघत होती.

 मेहमुदानं दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत ते नासलेलं आंबटगार वाढलं, वर डाळिंबाचे दाणे, द्राक्षं, संत्र्याच्या पाकळ्या, अगदी सणासारख्या नीट मांडल्या, आणि एक वाटी तानाबाईपुढे ठेवून दुसरी स्वतः घेतली.

तानाबाईनं चमचा जिभेवर ठेवला. थांबली. नाक आक्रसलं. कपाळाला आठ्या पडल्या.

“वंगाळ लागतंय,” ती म्हणाली, आणि वाटी निपटून पुन्हा पुढे केली.

याला दोन वर्षं झाली. मी आता पुन्हा माळ्यावर असतो, पण पोटात कांदे नाहीत. उन्हाळा लागायच्या आधी सुगरा स्वतः मला हौदात टाकते. तिला आता नमाजाच्या वेळा, मोसंबीची पांढरी साल आणि तानाक्कांचा स्वभाव, सगळं तोंडपाठ आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरात, माळ्यावर, अडगळीत माझ्यासारखं कुणी पडलं असेल. गळतं म्हणून टाकून देऊ नका. ते फुटलेलं नसतं, फार दिवस कोरडं राहिलेलं असतं. त्याला पाण्यात ठेवा. एका दिवसात नाही भागलं तर सहा दिवस ठेवा. मग बर्फ आणा, शेजाऱ्यांना बोलवा आणि हँडल आळीपाळीनं फिरवा. आणि तुमची पाठ वळल्यावर कुणी झाकण उघडून आत दूध ओतलंच, तर ओरडू नका. आधी चव बघा.